विषमुक्त शेतीच्या हिशोबात बाईची मजुरी कुठंय?

सेंद्रिय शेती, नैसर्गिक शेती, विषमुक्त शेती यावर हल्ली खूप बोललं जातंय आणि बोललंच पाहिजे. माझा या शेतीला मनापासून पाठिंबा आहे, म्हणूनच लिहितेय. पण भाषणात "खर्च शून्य" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. दुकानाचं बिल कमी होतं हे खरं, पण काम तर कुणीतरी करतंच ना, आणि आमच्या मराठवाड्यात ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच अंगावर पडतं.

जीवामृताचंच घ्या, म्हणजे रासायनिक खताऐवजी पिकाला द्यायचं घरचं द्रावण. एकराला 200 लिटरचा ड्रम, त्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. ऐकायला सोपं. पण पहाटे गोठ्यात जाऊन गोमूत्र धरायचं कुणी, शेण वाहायचं कुणी, रोज काठीने ढवळायचं कुणी? किडीसाठी फवारायचा दशपर्णी अर्क तर महिनाभर मुरवावा लागतो. कडुनिंब, सीताफळ, करंज, निरगुडी, एरंड, पपई, रुई असा पाला गोळा करत बांधाबांधाने हिंडायचं, ठेचायचं, आणि नंतर फडक्याने नीट गाळायचं, नाहीतर पंपाचं नोझल चोकअप होतं. हाताला तो वास असा बसतो की दोनदोन दिवस घास तोंडाशी न्यावासा वाटत नाही. आणि हे सगळं स्वयंपाक, धुणं, पाणी, पोरांची शाळा सांभाळून.

सगळ्यात मोठी गोष्ट खुरपणीची. तणनाशक मारायचं तर एक माणूस पाठीवर पंप घेऊन अर्ध्या दिवसात एकर उरकतो, तेच बंद केलं की सोयाबीनला एकरी आठदहा बायका लागतात, तेही दोनदा. बाईचा रोज 300 रुपये धरा, दोन खुरपण्यांचे पाचसहा हजार झाले. आता सेंद्रिय शेतीसाठीची केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना बघा, त्यात तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये असले तरी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर त्यातले 15,000 रुपयेच येतात, म्हणजे एकरी वर्षाला दोन हजारांच्या आसपास. खुरपणीसुद्धा निघत नाही त्यात! मग मजूर परवडत नाहीत म्हणून सासू, सून, जाऊ अशा घरच्याच बायका वाकतात आणि वर "आमचा खर्च कमी झाला" असं सांगितलं जातं. अहो, हमीभाव ठरवताना कृषी मूल्य आयोगसुद्धा घरच्यांच्या मजुरीची किंमत धरतो, आपण आपल्या वहीत का धरू नये?

एवढं करून सातबारा कुणाच्या नावावर? 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांची खाती 14 टक्क्यांच्याही आत होती. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला बरोबरीचा हक्क दिला, पण गावात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं अजून रीतच समजतात. नावावर जमीन नाही म्हणून पीककर्ज नाही आणि अनुदानही नवऱ्याच्या खात्यावर.

यातून वाट काढता येते हे आमच्याच भागात दिसलंय. लातूर-धाराशिवकडे (पूर्वीचं उस्मानाबाद) स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत काम करणाऱ्या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःसाठी मागून घेतला. ज्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच 2016 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या तुकड्यात काय पेरायचं ते बाई ठरवते. भाजीपाला, डाळी, ज्वारी, आधी घरच्या ताटात आणि उरलेलं बाजारात. मला यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे कष्ट तिचे आणि निर्णयही तिचाच. भाजी विकत आणायचे पैसे वाचतात, आणि सोयाबीनचा भाव पडला तरी घर अगदीच उघडं पडत नाही.

शहरातल्या मंडळींनाही सांगायचंय. सेंद्रिय मालाचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात जायचा काळ असतो, त्या काळात उत्पन्न बऱ्याचदा घटतं आणि माल मात्र साध्याच भावात जातो. खरी मदत तेव्हाच लागते. अशा शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट तूरडाळ घेताना किलोमागे वीसतीस रुपये जास्त सांगितले तर घासाघीस करू नका, ते खुरपणीचे पैसे आहेत.

आणि सरकारकडे मागणी एकच, योजनेत मजुरीची रक्कम वेगळी दाखवा आणि ती काम करणाऱ्या बाईच्या खात्यावर टाका, सातबारा कुणाचाही असो.

शेतकरी संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेली लक्ष्मीमुक्ती योजना, म्हणजे नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्याला बायकोचं नाव लावायची, बऱ्याच जणांना माहीतच नाहीये. कुणाच्या गावात अलीकडे अशी नोंद झाली असेल तर तलाठ्याकडे कोणकोणते कागद लागले, फेरफार व्हायला किती दिवस गेले ते कमेंटमध्ये सविस्तर लिहा, आमच्या गटातल्या बायकांना खरिपाच्या आधी अर्ज करायचेत.