लिदीची गोष्ट आणि मोटारीला मिळालेलं फुकटचं श्रेय

घोड्यांच्या लिदीची ती गोष्ट तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेली असेल. १८९४ साली लंडनच्या 'टाइम्स'ने म्हणे भाकीत केलं होतं, की पन्नास वर्षांत शहरातला रस्ता न् रस्ता नऊ फूट लिदीखाली गाडला जाईल. मग मोटार आली आणि प्रश्न आपोआप मिटला. तात्पर्य काय, तर प्रदूषण, हवामान, कचरा यांची उगाच चिंता करू नका, नवं तंत्रज्ञान येईल आणि सगळं निस्तरेल.

मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. एक तर 'टाइम्स'मध्ये असा मजकूर शोधूनही सापडलेला नाही. पण ते सोडा. भाकीत खोटं असलं तरी घाण खरी होती. राग येतो तो तात्पर्याचा. ज्यांनी ती लीद प्रत्यक्ष उचलली, ती माणसंच त्यातून गायब होतात.

न्यूयॉर्कचंच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे लाखाच्या वर घोडे होते. एक घोडा दिवसाला सहज दहा किलो लीद टाकतो. म्हणजे रोजची हजार टन, मूत्र वेगळं. पावसात तिचा राडा व्हायचा, उन्हात ती वाळून धूळ व्हायची आणि नाकातोंडात जायची. तबेल्यांमागच्या ढिगांत माश्या बेसुमार वाढायच्या. हिवाळ्यात बर्फ आणि लीद यांचे थर एकावर एक गोठायचे. राबून राबून रस्त्यातच मेलेला घोडा कधीकधी तसाच पडून राहायचा. आधी आसपासचे शेतकरी खतासाठी लिदीला पैसे मोजत. पुढे लीद इतकी झाली की तबेलेवाल्यांनाच ती उचलून न्यायला पैसे द्यायची वेळ आली.

झाडूवाले नव्हते असं नाही. पण सफाई खातं राजकीय पुढाऱ्यांच्या मुठीत होतं. आपली माणसं चिकटवायची, काम झालं नाही तरी चालेल, असा कारभार. (ओळखीचं वाटतंय ना?) १८९५ मध्ये महापौर स्ट्राँग यांनी हे खातं कर्नल जॉर्ज वेअरिंग या स्वच्छता अभियंत्याकडे सोपवलं. त्याने वशिल्याची भरती मोडून काढली. रात्री रस्त्यावर सोडून दिलेल्या बिनघोड्याच्या हजारो गाड्या हटवल्या, कारण त्यांच्याखाली झाडू पोचतच नव्हता. झाडूवाल्यांना पांढराशुभ्र गणवेश आणि पांढरं हेल्मेट दिलं, हातात झाडू, सोबत चाकांवरचा डबा. लिदीत काम करणाऱ्याला पांढरे कपडे कसले, म्हणून लोक हसले. वेअरिंगचं म्हणणं साधं होतं: स्वच्छतेचं काम करणारा माणूस डॉक्टरसारखा दिसला पाहिजे, आणि कामावर आहे की नाही हेही लांबून कळलं पाहिजे. १८९६ मध्ये हीच माणसं फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून संचलन करत गेली, आणि काल हसणारे त्यांना टाळ्या वाजवत होते.

आणखी एक गोष्ट त्याने केली. राख, ओला कचरा आणि सुका कचरा घराघरात वेगळा ठेवायला लावला. तोही सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वी! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजही यावरून भांडणं होतात.

आता मोटारींचा हिशोब. १९०० साली अख्ख्या अमेरिकेत मिळून जेमतेम आठ हजार मोटारी होत्या. सामान्यांना परवडणारी फोर्डची मॉडेल टी मोटार आली १९०८ मध्ये. म्हणजे वेअरिंगच्या काळात न्यूयॉर्कचे रस्ते साफ झाले तेव्हा घोडे होते तिथेच होते, लीदही रोज तेवढीच पडत होती. फरक पडला तो नीट पगार, नीट व्यवस्था आणि झाडू मारणाऱ्याला दिलेला मान यांमुळे. मोटारीने नंतर लीद हटवली हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण तिची घाण डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात जाते. आणि तिच्यासाठी असा झाडूवाला अजून कुणी उभा केलेला नाही.

आपल्या मुंबईत तर घोड्यांची ट्राम मोटारीने घालवलीच नाही. १८७४ च्या मे महिन्यात कुलाबा ते पायधुणी ट्राम सुरू झाली. सुरुवातीला दोनशे घोडे होते, सेवा बंद झाली १९०५ मध्ये, तेव्हा तेराशेच्या वर. दोन वर्षांनी त्याच शहरात विजेची ट्राम धावली, सार्वजनिक आणि रुळांवरची. शिवाय व्हिक्टोरिया म्हणजे घोडागाड्या, बैलगाड्या, खटारे होतेच. बैलाचं शेण गोवऱ्यांसाठी कुणीतरी वेचून नेई. उरलेलं सगळं रोज उचलत होते झाडूवाले. मैला उपसणारे हलालखोर वेगळे. बहुतेक सगळे समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या जातींमधले.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि अर्धी मुंबई पळत सुटली. पालिका आयुक्त स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती कशाची होती? हलालखोर आणि झाडूवालेही निघून गेले तर हे शहर राहण्यालायक उरणार नाही, याची. ते जाऊ नयेत म्हणून सरकारला सक्तीच्या उपायांमध्ये नमतं घ्यावं लागलं. गिरण्या, गोदी, कोर्टकचेऱ्या हे सगळं कुणाच्या हातावर उभं आहे, ते सरकारला तेव्हा बरोबर कळलं. प्लेग ओसरला तसा विसरही पडला.

वेअरिंगकडे झाडूवाल्यांनी स्वतः निवडून दिलेल्या ४१ जणांची समिती होती. तक्रार तिच्यापुढे जायची आणि बहुतेक तिथेच मिटायची. आपल्या मुंबईत सत्तावीसशे कंत्राटी सफाई कामगारांना, आम्ही पालिकेचेच कामगार आहोत, एवढं सिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला २०१७ मध्ये. म्हणून यापुढे कुणी तो लिदीचा फॉरवर्ड पाठवला, की मी त्याला वेअरिंगबद्दल आणि या सत्तावीसशे जणांबद्दल लिहून पाठवणार आहे. तुम्हीही पाठवा.