गाठी भरपूर, तरी मूग पिवळा
'बियाण्याला रायझोबियम चोळलं की मुगावर पिवळा मोझॅक येत नाही' हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू; पिवळा मोझॅक मात्र विषाणूचा रोग. आमची झाडं उपटून पाहिली तर मुळांवर गाठीच गाठी, नखाने फोडल्या तर आत गुलाबी, म्हणजे नत्राचं काम चालू. वर पानं मात्र चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी! पान उलटलं की पांढरी माशी भुर्रकन उडायची. विषाणू तीच पसरवते, जिवाणू तिला काय अडवणार?

नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी होतात. मोझॅक शेंड्याच्या कोवळ्या पानांवर ठिपक्यांनी सुरू होतो. हा फरक लेखात हवा होता. मी तर घाबरून युरिया टाकला, झाडं लुसलुशीत झाली अन् माशीचं आणखी फावलं. रोगट झाडं तेव्हाच उपटायला हवी होती.