आलेपोत्रिपा म्हणजे हेडीजचं दार नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ग्रीसमध्ये समुद्रकाठच्या गुहेत मृत्युलोकाचं खरं दार सापडलं, भूकंपात ते बंद होऊन शेकडो माणसं आत जिवंत गाडली गेली, आणि त्यातूनच पाताळाचा देव हेडीज याची कथा जन्मली.

गुहा खरी आहे. ग्रीसच्या दक्षिणेला, मानी भागात, दिरोसच्या खाडीवर. नाव आलेपोत्रिपा, म्हणजे कोल्ह्याचं बीळ. 1958 मध्ये ती उजेडात आली आणि 1970 मध्ये योर्गोस पापाथानासोपुलोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. आत अंधार, लवणस्तंभ आणि शेवटी तळं. तिथे उभं राहिलं की पाताळ आठवणारच. पण आठवणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

आधी ‘जिवंत गाडली गेली’ हे बघू. गुहेत 150 हून अधिक माणसांचे अवशेष मिळालेत, पण ते एका दिवसातले नाहीत. इ.स.पू. सुमारे 6000 ते 3200 या काळात लोक इथे वावरत होते आणि आपली माणसं इथेच पुरत होते. काहींची हाडं नंतर उचलून दुसऱ्या जागी ठेवलेली आहेत, कवट्या एकत्र मांडलेल्या आहेत. दरड कोसळून मेलेल्याची कवटी अशी कोण मांडून ठेवणार? गुहेचं तोंड बंद झालं ते इ.स.पू. 3200 च्या सुमारास, बहुधा भूकंपाने. तोवर यातल्या कित्येकांना जाऊन शेकडो वर्षं लोटली होती. काही कवट्यांवर खोक पडून भरून आल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मार बसल्यावरही ती माणसं जगली. आणि हाडांच्या रासायनिक तपासणीतून दिसतं की समुद्र उंबऱ्याशी असूनही त्यांच्या जेवणात मासळी फार कमी होती. पोट भरायचं ते मुख्यतः धान्यावर. शेतकरी होते हो ते! त्यांना भुताटकीच्या गोष्टीतली पात्रं केलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं.

‘कथा इथेच जन्मली’ म्हणावं, तर मधला काळ कुणीच मोजत नाही. गुहा बंद झाली आणि प्राचीन ग्रीक कवी होमरची काव्यं रचली गेली, यात दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत. शिवाय होमरचा नायक ओडिसियस मृतांना भेटायला कुठल्या गुहेत उतरतच नाही. तो जहाजातून ओकेआनोस या जगाला वेढणाऱ्या प्रवाहापलीकडे जातो.

जागाही चुकली आहे. ग्रीकांनी या भागात पाताळाचं दार मानलं ते तैनारोनच्या भूशिरावर, दिरोसपासून सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला. तिथून हेराक्लीस या वीराने सर्बेरस हा पाताळाचा कुत्रा वर ओढून आणला, अशी कथा. तैनारोनचं वर्णन करताना इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसानिअस स्पष्ट लिहितो की त्या गुहेतून जमिनीखाली जाणारी वाट नाही. त्याला पटलं ते त्याच्या आधीच्या ग्रीक लेखकाचं, हेकाटीअसचं म्हणणं: तिथे एक भयंकर विषारी साप होता, चावला की माणूस मेलाच, म्हणून त्याला हेडीजचा कुत्रा म्हणत. आणि दार काही हे एकच नव्हतं. वायव्य ग्रीसच्या एपिरसमधली अ‍ॅकेरॉन नदी, इटलीतलं अ‍ॅव्हर्नस सरोवर, काळ्या समुद्रावरचं हेराक्लिया, सगळीकडे पाताळाची वाट दाखवत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. गुहेबाहेरच्या क्सागुनाकी या जागी मायसिनी काळातलं, म्हणजे गुहा बंद झाल्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनंतरचंही दफन सापडलं. ही जागा मृतांची आहे, अशी आठवण मागे उरली असेल. शक्य आहे. पण त्या आठवणीला हेडीजचं नाव देणारा पुरावा तिथे नाही.

त्याच क्सागुनाकीला इ.स.पू. सुमारे 3800 मधलं एक जोडपं मिळालं. कुशीवर झोपलेली स्त्री, तिच्या पाठीशी पुरुष, त्याचे हात तिच्याभोवती, पायात पाय गुंतलेले. डीएनएवरून ती स्त्री-पुरुषच असल्याची खात्री झाली. त्यांना असं कुणीतरी हातांनी, जपून ठेवलं होतं.