साप ओरडतो म्हणे!

ज्यांनी ‘अ‍ॅनाकोंडा’ हा महाकाय सापाचा हॉलिवूडपट कधी शेवटपर्यंत पाहिलेला नाही, तेच त्याला सगळ्यात जास्त नावं ठेवतात. डोकंच फिरतं माझं! पिक्चर लावू म्हटलं की समोरचा आधी मोबाईल काढणार, रॉटन टोमॅटोजवर, म्हणजे समीक्षकांच्या पसंतीची टक्केवारी देणाऱ्या साइटवर बघणार, चाळीसेक टक्के दिसले की ‘बकवास असणार रे’ म्हणून मोकळा. दहावीचा निकाल आहे का हा?

बरं, लावलाच तर पुढचा छळ. ‘साप कुठे ओरडतो का?’ नाही ओरडत, बाबा! शिकार ओकून टाकून लगेच दुसरी मारायला निघतो, असं सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंय, तीही शुद्ध थाप. एका शॉटमध्ये बोटीमागचा धबधबा खालून वर चढतोय, कारण शॉट उलटा फिरवलाय. सगळं मान्य. पण ते पॉज करून, मागे नेऊन मलाच दाखवायचं? आणि वर आपण मोठा शोध लावल्यासारखं तोंड करायचं?

वाईट पिक्चरना चिडवायला पुरस्कार देणाऱ्या रॅझीवाल्यांनी १९९७ च्या या पिक्चरला सहा नामांकनं दिली. त्यात एक ‘सर्वात वाईट नवोदित’ म्हणून चक्क त्या यांत्रिक सापाला! शिवाय त्यातला खलनायक जॉन व्हॉइट आणि साप ही ‘सर्वात वाईट जोडी’. ही यादी लोक अजून तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण रॉजर ईबर्टने याच पिक्चरला चारपैकी साडेतीन स्टार दिले होते, ते कोणी सांगत नाही. ईबर्ट म्हणजे काही गल्लीतला समीक्षक नव्हे, पुलित्झर मिळवलेला माणूस!

आणि तो व्हॉइट! ऑस्कर घेतलेला नट, तोंड वाकडं करून, कुठल्या देशाचे ते कळू नये अशा उच्चारात बोलत पूर्ण पिक्चर खाऊन टाकतो. शेवटी साप त्याला गिळतो, ओकतो, आणि हा चिकट, लिबलिबीत अवस्थेत जेनिफर लोपेझला डोळा मारतो. यावर ज्याला किळसही येत नाही आणि हसूही येत नाही, त्याने खुशाल माहितीपट बघावा. तिथे साप अजिबात ओरडत नाहीत.

शिव्याच घालायच्यात ना? मग २००४ च्या दुसऱ्या भागाला घाला. म्हणे बोर्निओत अ‍ॅनाकोंडा! तो राहतो दक्षिण अमेरिकेत. तेही चालवून घेतलं असतं एक वेळ, पण त्यात व्हॉइटसुद्धा नाही.