भंगार कुणाच्या बापाचं नसतं

अभिनंदन! ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या संगणक-खेळात लोकांच्या फुटलेल्या जहाजांवर पोट भरायचं तुम्ही ठरवलंत, म्हणजे या खेळातल्या मोजक्या शहाण्यांत तुमची गणना झाली. बाकीच्यांकडे एकदा बघा. महिनोन्महिने कौशल्यं शिकायची, लघुग्रहांचे दगड फोडत बसायचं, पै-पै जोडून जहाज घ्यायचं, त्यावर तोफा चढवायच्या, विमा उतरवायचा आणि एके दिवशी कुणा अनोळखी टोळक्याने ते सगळं दोन मिनिटांत उडवून द्यायचं. हा खटाटोप ही माणसं कशासाठी करतात, हे त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला येईल. तुमच्यासाठी एक ताजा सांगाडा तयार व्हावा म्हणून. इतकी मंडळी आपल्यासाठी राबत असताना निदान वेळेवर हजर राहायची सभ्यता आपण दाखवायलाच हवी.

आइसलँडमधली सीसीपी ही कंपनी २००३ सालापासून हे विश्व चालवते आहे. न्यू ईडन त्याचं नाव. ७,५००हून अधिक सूर्यमाला, चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे खेळाडू एकाच आभाळाखाली, आणि फुटलेलं जहाज परत मिळण्याची काहीही सोय नाही. आपल्या धंद्याचा पाया हाच. ज्या खेळांत मेलेला माणूस सामानसुमानासकट पुन्हा उठून उभा राहतो, तिथे तुमच्या-माझ्यासारख्यांनी करायचं काय?

आता कायदा शिकून घ्या, कारण आपल्याला कायद्याने वागायचं आहे. जहाज फुटलं की जागेवर सांगाडा उरतो आणि तो दोन तास टिकतो. त्यात माल दोन प्रकारचा. एक म्हणजे मालकाचं सामान. तोफा, ढालींची यंत्रं, कोठारातल्या वस्तू. स्फोटातून यातलं साधारण निम्मं वाचतं, आणि नेमकं काय वाचावं हे नशीब ठरवतं. दुसरा माल म्हणजे खुद्द सांगाडा. तो सॅल्व्हेजर नावाचं यंत्र लावून सोलून काढायचा. सामानाला हात लावलात तर ती चोरी. सांगाडा सोललात तर तो उद्योग. हा फरक मी माझ्या सोयीसाठी केलेला नाही, खेळाचे नियमच तसे आहेत. सामान मालकाचं, सांगाडा मात्र कुणाच्याच बापाचा नाही. मालकाच्या डोळ्यांदेखत सोला, कॉनकॉर्डचे पोलीस ढुंकूनही बघणार नाहीत. सांगाड्यात सामान असलंच तर ते डब्यात तिथेच तरंगत राहतं. म्हणजे आपण घर नेतो, पण घरातली भांडी नीट मांडून ठेवतो.

हे एवढं सौजन्य लोकांना पुरत नाही, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात मिशन करणाऱ्यांपासून करावी. हे लोक मोठी युद्धनौका घेऊन सुरक्षित प्रदेशात संगणकाच्या चाच्यांना मारत फिरतात. चाच्यांचे सांगाडे मागे पडत जातात आणि हे पुढे जात राहतात. आपण एका जहाजातून प्रोब, म्हणजे शोध घेणारी छोटी यंत्रं, सोडायचे, त्यांचा ठावठिकाणा काढायचा, जागेची खूण करून ठेवायची. आपले प्रोब त्यांना दिशादर्शक स्कॅनरवर दिसू शकतात, पण त्यासाठी स्कॅनर बघावा लागतो, आणि युद्धनौकेत बसलेला माणूस स्कॅनर बघत नसतो. तो बहुधा दुसऱ्या खिडकीत काहीतरी पाहत असतो. मग आपण स्वस्तातलं एक डिस्ट्रॉयर, म्हणजे लहानसं लढाऊ जहाज, घेऊन यायचं. तोफांच्या जागी सगळीकडे सॅल्व्हेजर. दिसायला ते जहाज अगदीच केविलवाणं दिसतं, आणि तसंच दिसायला हवं.

पडद्यावर सांगाडे छोट्या त्रिकोणांनी दाखवतात. पांढरा म्हणजे तुमच्या हक्काचा. पिवळा म्हणजे दुसऱ्याचा. निळा म्हणजे मालकाने सोडून दिलेला. आत सामान असेल तर त्रिकोण भरीव, नसेल तर पोकळ. तुम्ही पोचाल तेव्हा चहूकडे पिवळे त्रिकोण पसरलेले असतील. दुसऱ्याचा सांगाडा ट्रॅक्टर बीमने ओढून घेता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या दारात स्वतः जावं लागतं. जवळ जा, सॅल्व्हेजर लावा, थांबा. पहिल्या फेऱ्याला काही निघत नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळी काम फत्ते झाल्याचा निरोप येतो आणि सोबत हेही कळतं, की आत घेण्यासारखं काही नव्हतं. खचू नका, पुढच्या त्रिकोणाकडे वळा. तोवर वीस किलोमीटरवरच्या युद्धनौकेला तुमचा पत्ता लागलेला असतो. मग पुढील संवाद होतो, आणि तो दरवेळी जवळपास असाच होतो:

"ओ, ते सांगाडे माझे आहेत."

"लूट तुमचीच आहे, हातही लावलेला नाही. मी फक्त भंगार नेतोय."

"भंगारपण माझंच. मी मारलंय त्यांना."

"मारलंत, आणि सुरेख मारलंत. पण भंगारावर कुणाचाच हक्क नसतो, दादा. ओ-सेव्हन."

ओ-सेव्हन हा या खेळातला सलाम. तो शेवटी ठोकायला विसरू नये. शिव्या त्यानंतरच खऱ्या रंगात येतात. गंमत अशी, की या गृहस्थाला ते भंगार मुळात नकोच होतं. परत येऊन सांगाडे सोलणं हे कंटाळवाणं काम, त्यातून मिळणारे पैसे त्याच्या बक्षिसाच्या रकमेपुढे किरकोळ, आणि दोन तासांनी ते सगळं आपोआप विरून जाणार होतं. पण तुम्ही वाकून उचलायला लागलात, की त्याच क्षणी ती त्याची वडिलोपार्जित इस्टेट होते. त्याला इतकं काही मौल्यवान आपल्याजवळ आहे याची जाणीव तुम्ही करून दिलीत. आभार मानायचे सोडून माणसं चिडतात.

चिडलेला गृहस्थ दोनपैकी एक गोष्ट करतो. कच्चा असेल तर तुमच्यावर गोळी झाडतो. मग कॉनकॉर्ड येतं, त्याची युद्धनौका फोडतं आणि तुमच्यापुढे एक भलाथोरला सांगाडा आयता पडतो. पक्का असेल तर काहीच बोलत नाही. उरलेल्या चाच्यांना तसंच ठेवून शांतपणे निघून जातो, आणि आतापर्यंत त्याच्यावर रोखलेल्या सगळ्या तोफा तुमच्याकडे वळतात. अशा माणसाबद्दल मनात आदर बाळगावा आणि लवकर पळावं.

काही मंडळींना एवढ्यावर भागत नाही, त्यांना सामानही हवं असतं. त्यांनी पिवळ्या सांगाड्यापासून २,५०० मीटरच्या आत जाऊन एखादी क्षुल्लक वस्तू उचलावी. वस्तूची किंमत महत्त्वाची नाही, अपमान महत्त्वाचा. तुम्ही १५ मिनिटांसाठी संशयित ठरता आणि त्या काळात कुणीही तुमच्यावर गोळीबार करू शकतो, पोलीस मध्ये पडत नाहीत. २०१२च्या अखेरपर्यंत हा अधिकार फक्त ज्याची चोरी झाली त्याला आणि त्याच्या कंपूला होता. तेव्हापासून तो सगळ्या जगाला बहाल झाला. युद्धनौकावाल्याने रागाच्या भरात गोळी झाडली, की तुम्हालाही त्याच्यावर उलट वार करायचा परवाना मिळतो. त्याचं जहाज चाच्यांसाठी सजवलेलं, तुमचं दुसरं जहाज त्याच्यासाठी सजवलेलं. बाकी हिशेब तुम्हीच करा.

आता नैतिक बाजू. हा प्रश्न तुम्हाला छळणार, कारण तुम्ही सुसंस्कृत आहात. लोक तुम्हाला गिधाड म्हणतील, बांडगूळ म्हणतील, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणतील. हे शेवटचं तर मनावर घेऊच नका, कारण या खेळात मढंसुद्धा उचलता येतं. जहाज फुटल्यावर चालक कुपीतून निसटतो. कुपीही फुटली की त्याचा गोठलेला देह अंतराळात तरंगत राहतो, आणि तो कोठारात घालून नेता येतो. देहावर मालकाचं नाव असतं. असे देह हौसेने जमवणारे खेळाडू आहेत, देवाणघेवाणही चालते. मालक स्वतः दुसऱ्या देहात जागा झालेला असतो आणि आपलाच जुना देह कुणाच्या गोदामात पडलाय याची चौकशी करू शकतो. तेव्हा टाळूवरच्या लोण्याचं काय घेऊन बसलात?

खरा युक्तिवाद याहून भक्कम आहे. भंगारातून काय निघतं ते वाचा. बर्न्ड लॉजिक सर्किट, म्हणजे जळालेलं. फ्राइड इंटरफेस सर्किट, म्हणजे करपलेलं. टँगल्ड पॉवर कंड्युइट, म्हणजे गुंतवळ. कंटॅमिनेटेड लॉरेंट्झ फ्लुइड, म्हणजे नासलेलं. धड असं काही नाही. पण याच जळक्या-करपक्या तुकड्यांपासून रिग, म्हणजे जहाजाची ताकद वाढवणारे जोड, तयार होतात, आणि रिग एकदा जहाजात बसवले की मोडल्याशिवाय काढता येत नाहीत. रिग आणि भंगार वेचणं, दोन्ही २००६ सालच्या शेवटी या खेळात आलं, एकाच वेळी. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थच नव्हता. आता त्या युद्धनौकावाल्याच्या जहाजात डोकावा. तीन रिग बसवलेले असतात. त्याची ढाल जाड झाली ती कुणाच्या तरी जळक्या सर्किटवर. तो ज्या पैशांत रिग विकत घेतो, त्यातच तुमची मजुरी असते. ती तो बाजारात बिनतक्रार मोजतो, पावती घेऊन. तुम्ही समोर दिसलात की मात्र त्याला किळस येते. बाजारातून आलेली वस्तू सोवळी आणि ती वेचणारा ओवळा, ही जुनीच सोय आहे. तिच्याशी वाद घालू नये, तिच्यावर पैसे कमवावेत.

बिनपोलिसांच्या प्रदेशात जायचं असेल तर थोडक्यात सांगतो: दोन ताफे एकमेकांना भिडेपर्यंत अदृश्य होऊन बसा, जिंकलेले आपापसांत कुणी किती मारले याची बढाई मारू लागले की हळूच बाहेर या. वर्महोल म्हणजे अंतराळातली चोरवाट, तिच्या पलीकडे तर सूर्यमालेत कोण कोण आहे याची यादीही दिसत नाही. तुम्ही कुणाला दिसत नाही, हा त्यातला आनंद. तुम्हालाही कुणी दिसत नाही, याचा विचार नंतर करावा.

एका ठिकाणी मात्र जाऊ नका, काळजाला घरं पडतील. बी-आर५आरबी नावाची सूर्यमाला आहे. २०१४च्या जानेवारीत, २७ आणि २८ तारखेला, तिथे जवळपास २१ तास लढाई चालली, आणि ती पेटली कशावरून, तर त्या सूर्यमालेवरच्या ताब्याचं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही यावरून. ७५ टायटन फुटले. टायटन म्हणजे या खेळातलं सर्वांत मोठं जहाज. एवढं भंगार एका जागी पडलेलं ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. सीसीपीने काय करावं? त्या सांगाड्यांचं कायमचं स्मारक करून टाकलं. बघायचं, फोटो काढायचे, सोलायचं मात्र नाही. इतिहासाबद्दल आदर मलाही आहे, पण इतिहास थोडा सोलू दिला असता तर तो आणखी वाढला असता.

त्यापेक्षा उएडामाला जा. जिटाच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही सूर्यमाला सुरक्षित प्रदेशात मोडते, म्हणजे तिथे मारलं तर पोलीस येतात. मरण्याआधी येतात असं कुणी म्हटलेलं नाही. टोळकी तिथे टपून असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या मालवाहू जहाजांचं कोठार आधी स्कॅन करतात, माल पसंत पडला की कॅटलिस्ट नावाची स्वस्त डिस्ट्रॉयर डझनावारी घेऊन तुटून पडतात. कॉनकॉर्ड येतं, झाडून सगळे कॅटलिस्ट फोडतं, न्याय होतो. न्याय झाल्यावर जागेवर एक मोठा सांगाडा आणि भोवती लहान सांगाड्यांचा सडा उरतो. मोठ्यातला माल न्यायला टोळीचा माणूस रिकामं जहाज घेऊन तयारच असतो. कधी कधी एखादा सज्जन त्याच्या आधी पोचून सांगाड्यावरच गोळ्या झाडतो, सगळा माल जाळून टाकतो आणि चोरांना धडा शिकवल्याच्या समाधानात घरी जातो. ज्याचा माल होता त्याचं मत कुणी विचारत नाही. या गदारोळात लहान सांगाड्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. गुन्हेगाराचे असोत की गुन्ह्याला बळी पडलेल्याचे, सॅल्व्हेजरला सगळे सारखे. इतका निःपक्षपाती माणूस त्या आख्ख्या सूर्यमालेत दुसरा सापडणार नाही.

माल साठला की विकायला जिटाला न्यायचा. भंगाराचा एक तुकडा ०.०१ घनमीटरचा असतो, त्यामुळे कितीही दिवसांची कमाई चिमुकल्या वेगवान जहाजात मावते. पण तसलं जहाज घेऊ नका, तुमच्या नव्या प्रतिष्ठेला शोभणार नाही. चांगलं ऐसपैस मालवाहू जहाज घ्या. सगळी कमाई एकाच खेपेत भरा, उगाच फेऱ्या कशाला? संरक्षणाची यंत्रं काढून त्या जागी कोठार वाढवणारी बसवा. उएडामावरून जाणारा जवळचा रस्ता निवडा, ऑटोपायलट लावा आणि निवांत आंघोळीला जा. ऑटोपायलट दर गेटच्या, म्हणजे पुढच्या सूर्यमालेत नेणाऱ्या दाराच्या, बराच अलीकडे थांबतो आणि तिथून जहाज रांगत जातं, पण आंघोळीलाही वेळ लागतोच की. निघण्याआधी मला वेळ तेवढी कळवा. गेटजवळ आठ सॅल्व्हेजर लावलेलं एक डिस्ट्रॉयर दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते तुमच्या सामानाला हातही लावणार नाही.