टाइम्स स्क्वेअर दांडक्याने सुधारला नाही

‘एका माणसाने दोन वर्षांत टाइम्स स्क्वेअर कसा साफ केला’ असा एक लांबलचक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. (टाइम्स स्क्वेअर म्हणजे न्यूयॉर्कमधला नाट्यगृहांचा चौक, एकेकाळी बदनाम झालेला.) त्यातले दावे थोडक्यात असे: रुडी जुलियानी न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि त्यांनी पोलिसांना मोकळा हात दिला. गर्दुल्ले, भिकारी आणि धंदा करणाऱ्या बायका उचलून शहराबाहेर काढल्या. पडकी थिएटरं जमीनदोस्त केली. मग डिस्ने स्वतःचा पैसा घेऊन आली, सरकारचा एक डॉलरही लागला नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: मुंबईच्या पिला हाऊसलाही, म्हणजे ग्रँट रोडजवळच्या जुन्या थिएटरांच्या आणि वेश्यावस्तीच्या भागालाही, असाच खमक्या माणूस हवा.

मी दुर्लक्षच करणार होतो. पण हा मजकूर माझ्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘शंभर टक्के पटलं’ असं लिहून. काकांनी उमेदीची वर्षं हौशी रंगभूमीला दिली आहेत, तालमीला एक खोली मिळावी म्हणून शाळांचे उंबरठे झिजवले आहेत. नाटकवाल्या माणसालाही हे पटत असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘दोन वर्षांत’. जुलियानींनी सूत्रं घेतली १ जानेवारी १९९४ ला. ज्या रस्त्याबद्दल हे सगळं चाललंय, म्हणजे सातव्या आणि आठव्या अॅव्हेन्यूच्या मधला, टाइम्स स्क्वेअरलगतचा बेचाळिसावा रस्ता, त्याच्या पुनर्विकासाची योजना मंजूर झाली होती १९८४ मध्ये. त्यावर चाळीसहून जास्त खटले पडले. ते निस्तरून १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्य सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने तिथली बहुतेक जमीन, थिएटरांसकट, ताब्यात घेतली. त्या पट्ट्यातली अश्लील सिनेमांची थिएटरं आणि दुकानं मुख्यतः या संपादनामुळे गेली, कारण मालकच बदलला. (त्यात सरळमार्गी छोटे दुकानदारही उठले. त्यांची आठवण कोणी काढत नाही.) डिस्नेशी प्राथमिक समझोता झाला तोही आधीचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या शेवटच्या दिवसांत. लिन सॅगलिन या अभ्यासक बाईंनी या एका पुनर्विकासावर २००१ मध्ये ‘टाइम्स स्क्वेअर रूलेट’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. दोन दशकांचे करार, सवलती, खटले आणि फसलेले बेत त्यात तपशिलाने मांडलेत. ज्यांना माझं खरं वाटत नाही त्यांनी तो उघडावा.

आता त्या मजकुरातला सगळ्यात घातक दावा. माणसं ‘उचलली’ आणि परिसर सुधारला. हे वाचून लोक टाळ्या वाजवतायत, याचा मला मनापासून त्रास होतो. कारण टाइम्स स्क्वेअरच्या आसपास जे खरोखर टिकलं, त्यातली दोन ठळक कामं नेमकी उलटी आहेत. तिथे माणसांना घरं दिली गेली.

पहिलं मॅनहॅटन प्लाझा. नवव्या आणि दहाव्या अॅव्हेन्यूच्या मध्ये दोन उंच इमारती, १,६८९ घरं. बांधली होती मध्यमवर्गासाठी, पण तेव्हाच्या त्या वस्तीत पूर्ण भाडं भरून राहायला कोण येणार? शेवटी १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या भाडे-अनुदान योजनेत ती घेतली आणि ठरवलं की ७० टक्के घरं नट, वादक, नर्तक, रंगमंचामागचे कामगार यांना. उरलेली निम्मी-निम्मी वृद्धांना आणि त्याच भागातल्या रहिवाशांना. भाडं जागेच्या बाजारभावाने नव्हतं, ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्याएवढं होतं. काम नसलेल्या महिन्यात नटाचं भाडं कमी! रात्री प्रयोग संपवून पायी घरी जाणारी हजारो माणसं त्या रस्त्यांना मिळाली. जुलियानी महापौर व्हायच्या सोळा-सतरा वर्षं आधीची ही गोष्ट.

दुसरं टाइम्स स्क्वेअर हॉटेल, त्रेचाळिसाव्या रस्त्यावर. मोडकळीला आलेलं, बेघरांनी भरलेलं. १९९१ मध्ये रोझॅन हॅगर्टी यांच्या ‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेने ते घेतलं आणि दुरुस्त करून तिथे ६५२ छोटी घरं केली. रस्त्यावर राहिलेली माणसं, मानसिक आजाराशी झगडणारी माणसं आणि कमी कमाईचे नोकरदार, कलाकार एकाच इमारतीत. समुपदेशक, वैद्यकीय मदत, काम शोधून देणारे लोक त्याच छताखाली. टाइम्स स्क्वेअरला चिकटून आहे ही इमारत. ‘भिकारी शहराबाहेर काढले’ असं लिहिणाऱ्याला ती दिसली नाही, कारण त्याला पाहायची नव्हती.

पोलिसांबद्दल जे खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने का होईना. रस्ता सुरक्षित झाल्याशिवाय बाई-माणूस रात्री नाटकाला येत नाही. जुलियानींच्या काळात गुन्हे झपाट्याने घटले, आणि अश्लील दुकानं शाळा, प्रार्थनास्थळं आणि वस्तीपासून लांब ठेवणारा १९९५ चा कायदा त्यांच्याच काळातला. पण आकडे सलग वाचा. शहरात १९९० मध्ये २,२४५ खून झाले, हा उच्चांक. १९९३ पर्यंत, म्हणजे डिंकिन्स असतानाच, आकडा दोन हजारांच्या खाली उतरला होता. हजारो जादा पोलीस भरायची योजनाही डिंकिन्स यांच्याच कारकिर्दीत मंजूर झाली. १९९८ मध्ये आकडा ६३३ वर आला, पण त्या दशकात गुन्हेगारी अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत उतरली, जिथे जुलियानी नव्हते तिथेही.

‘सरकारचा एक डॉलरही नाही’ हे तर धडधडीत खोटं आहे. डिस्नेने १९०३ सालचं न्यू अॅमस्टरडॅम थिएटर दुरुस्त केलं ते शहर आणि राज्य सरकारने दिलेल्या सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरच्या कर्जावर, जेमतेम ३ टक्के व्याजाने. खर्चाचा मोठा वाटा हाच. वरून जमीन सरकारने मिळवलेली. पैसे दिले हे वाईट केलं असं मी म्हणत नाही, थिएटर वाचलं. पण पब्लिकच्या पैशाने झालेलं काम कंपनीच्या खात्यावर का मांडायचं? तिथला झगमगाटसुद्धा आपोआप आला नाही. नव्या इमारतींवर प्रकाशित पाट्या लावल्याच पाहिजेत, असा नियम शहराने १९८७ मध्ये केला होता.

आणि ‘थिएटरं जमीनदोस्त केली म्हणून भलं झालं’? १९८२ मध्ये एका मोठ्या हॉटेलासाठी मोरोस्को आणि हेलन हेज ही धरून पाच थिएटरं पाडली. जोसेफ पॅप यांच्यासारखे नाटकवाले रस्त्यावर उतरले, अटका झाल्या. त्या घावानंतर ब्रॉडवेची, म्हणजे टाइम्स स्क्वेअरभोवतीच्या नाट्यवस्तीतली, वीसहून अधिक थिएटरं वारसा म्हणून संरक्षित झाली. बेचाळिसाव्या रस्त्यावर लिरिक आणि अपोलो या दोन थिएटरांचा बळी गेला हे खरं, पण तिथेही छताचे, कमानींचे भाग जपून नव्या नाट्यगृहात बसवले. एम्पायर थिएटर तर १९९८ मध्ये अख्खं उचलून सुमारे १७० फूट सरकवलं, पाडायला नको म्हणून. त्या रस्त्यावर सर्वांत आधी उघडलं ते १९०० सालचं व्हिक्टरी. एकेकाळी तिथे अश्लील सिनेमे लागत. सात थिएटरं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सांभाळायला नेमलेल्या एका ना-नफा संस्थेने डिसेंबर १९९५ मध्ये ते मुलांचं नाट्यगृह म्हणून सुरू केलं.

आता पिला हाऊस. १८४६ मध्ये नाना शंकरशेट यांच्या जागेवर ग्रँट रोडचं नाट्यगृह उभं राहिलं. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मुंबईत आपली नाटकं तिथे केली, पारशी रंगभूमीही तिथलीच. पुढे त्या परिसरात आल्फ्रेड, गुलशन, निशात अशी थिएटरं गाजली, नाटकांची जागा सिनेमाने घेतली आणि मग वस्तीबरोबर तीही खंगत गेली. बेचाळिसाव्या रस्त्यावर १९३० च्या दशकातल्या मंदीनंतर हेच झालं होतं, म्हणून तुलना चुकीची नाही. चुकीचा आहे तो काढलेला धडा. न्यूयॉर्ककडून काही घ्यायचंच असेल तर मागणी अशी करा: आधी तिथे आज राहणाऱ्या बायकांना, मुलांना आणि भाडेकरूंना त्याच भागात घरं. जमीन पब्लिकच्या मालकीची, थिएटरं ना-नफा संस्थेकडे. उभ्या असलेल्या एकाही थिएटरला हातोडा नाही. नाटकवाल्यांसाठी उत्पन्नाच्या हिश्श्याने भाडं, तालमीच्या खोल्या, आणि एक रंगमंच फक्त मुलांच्या नाटकांसाठी.