चार चाकांची बॅग आणि पंत बाळेकुंद्रीची बस

आज दुपारी सांबऱ्याहून बेळगावला येताना डोकंच फिरलं. बस पंत बाळेकुंद्रीकडून भरूनच आलेली. भाजीच्या बुट्ट्या, शाळेची पोरं, पाय ठेवायला जागा नाही. त्यात सांबऱ्याच्या विमानतळावरून आलेला एक पोरगा कमरेएवढी चकचकीत चार चाकांची बॅग घेऊन चढला. चढला कसला, कंडक्टर आणि मागच्या दोघांनी मिळून ती वर ढकलली. ब्रेक लागला की बॅग पुढे, गाडी सुटली की मागे. शेवटी आदळली एका आजीच्या नडगीवर. आजी कळवळली, आणि हा कानातले इयरफोन काढायची तसदी न घेता म्हणतो, 'सॉरी'!

अरे बाबा, ती चाकं विमानतळाच्या फरशीसाठी असतात. बसमध्ये ती बॅग धरायला एक माणूस वेगळा लागतो.

माझी मामी गेल्या दिवाळीला हैदराबादहून विमानानं आली. पाठीला मऊ सॅक, हातात कापडी पिशवी, बस्स. आम्ही फोनवर 'थांब, गाडी पाठवतो' म्हणतोय, ती म्हणाली, "कशाला रे, बस आहे की." गेली चालत रस्त्यावर, हात केला, चढली. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, आणि मामीचं आधार कर्नाटकचं, त्यामुळे तिकीटही शून्याचं! सॅक काढून पायांत ठेवली, पिशवी मांडीवर. वडगावला घरी पोहोचली तेव्हा आमची गाडी कुणी न्यायची यावरच वाद चालू होता.

बॅग घेताना दुकानात माणूस चाकं फिरवून बघतो, रंग बघतो. रिकामी बॅग एका हातानं उचलून दोन पायऱ्या चढून बघतो का कुणी? मोठी कडक बॅग नुसतीच चारेक किलोची. वर 'पंधरा किलो चालतं' म्हणून पंधरा किलो भरायचंच, जणू न भरलं तर दंड बसणार आहे. मामीची सॅक सात किलोच्या आतली. हातातच ठेवायची, पट्ट्यावर सामान येण्याची वाट बघायला नको.

चाकं हवीच असतील तर दोनच घ्या, जरा मोठी. उभी केली की बॅग जागेवर राहते, पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरून ओढताही येते. आणि कापडी घ्या. सीटखाली दाबून बसते, कोपरा कुणाला लागत नाही.

हो, बेंगळुरूच्या विमानतळाच्या वायुवज्र बसमध्ये बॅगा ठेवायला वेगळी जागा असते, मुंबईत २०२४ पासून मेट्रो थेट टर्मिनल दोनपाशी येते. तिथे चालत असेल तुमचं चार चाकांचं. कंबर दुखणाऱ्यांचंही मान्य. पण तो पोरगा चांगला धडधाकट होता!

खरं तर पोराचा तरी काय दोष म्हणा. पहिली नोकरी असेल, पहिल्या पगारातली बॅग असेल. बेळगावच्या सीबीटी स्टँडला उतरताना त्यानं आजीची बुट्टी खाली उतरवून दिली, तेही बघितलं मी. तेवढ्या वेळात बॅग गेली घरंगळत पार ड्रायव्हरच्या सीटपर्यंत, ते सोडा.

पुण्याची भाची गणपतीला येणार आहे. तिला आत्ताच कळवलंय, मामीसारखी सॅक घेऊन आलीस तर स्टँडवर घ्यायला येतो, मोठी बॅग आणलीस तर रिक्षाचं तुझं तू बघ.